राजेसाहेबांची घडीची खुर्ची

फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत, ज्या कॅटररकडे मी पोळ्या लाटते तिथे, शनिवारच्या लग्नाचं काम चाललं होतं. स्क्रीनवर माधवीताईंचं नाव दिसलं म्हणून कोपरानंच फोन स्पीकरवर टाकला. वाटलं, उद्याच्या कार्यक्रमाची वेळ बदलली असेल. माधवीताई म्हणजे राजेसाहेबांची मुलगी, मोजकंच बोलणारी. म्हणाल्या, "शालनताई, बाबा गेले. झोपेतच गेले." आणि मी विचारलं, "मग उद्याचं?" ... मी असं का विचारलं ते मला अजून कळलेलं नाही. उद्या जर्सी सिटीला एका बाळाचं बारसं होतं, अकराची वेळ मीच देऊन ठेवली होती, आणि त्या लोकांना आता काय सांगायचं एवढंच डोक्यात आलं. माधवीताई रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "बाबांनीही पहिलं हेच विचारलं असतं."

त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्यावरच्या या पुरवणीसाठी लिहाल का, असं विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली. आई आजारी पडली, घरात मी थोरली, पुढे परत कुणी पाठवली नाही. अजूनही पाकिटावर पत्ता लिहायचा तर मी तो दोनदा तपासते. पण माधवीताई म्हणाल्या, स्टेजवरच्या बाबांबद्दल पुष्कळ जण लिहितील, गाडीतले बाबा तुम्हालाच माहीत आहेत. म्हणून लिहिते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं मांडवगिरी संस्थान जेमतेम चाळीस गावांचं. नकाशात शोधायला गेलं तर बोटाखाली झाकलं जाईल. राजेसाहेब पाच-सहा वर्षांचे होते तेव्हा ते विलीन झालं, पुढे तनखे बंद झाले, पदव्याही गेल्या, आणि ते इंजिनियर होऊन अमेरिकेत आले. सगळी नोकरी त्यांनी न्यू जर्सीतले पूल तपासण्यात काढली. डोक्यावर हेल्मेट घालून पुलाच्या पोटाखाली वाकून बघणारा हा माणूस कुठल्या घराण्यातला आहे हे त्यांच्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, पण आपल्या लोकांना कळायचं ते कळलंच. रिटायर झाल्यावर तर एडिसनमध्ये मिठाईचं दुकान उघडायचं असो, मराठी शाळेचं गॅदरिंग असो, वेस्ट विंडसरच्या लायब्ररीतली दिवाळी असो, नाहीतर टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, झाडं लावणं असो, सगळे म्हणायचे, राजेसाहेबांना बोलवा. आणि ते जायचे. एका दसऱ्याला तर आम्ही फक्त एका मुलाच्या नव्या सायकलच्या पूजेला गेलो होतो, कारण त्या मुलानं स्वतः फोन केला होता. सायकलला झेंडू बांधता बांधता त्यानं विचारलं, "आर यू लाइक, अ रिअल किंग?" राजेसाहेब म्हणाले, "रिटायर्ड." मुलाला ते लगेच पटलं. त्याचे आजोबाही रिटायर्ड होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका शाळेच्या कॅफेटेरियाच्या किचनमध्ये. गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता, बाहेर हॉलमध्ये माईक टेस्टिंग चाललं होतं आणि आत आम्ही चौघी जणी पोळ्यांना लागलो होतो. या देशात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. नणंदेनं भावासाठी, म्हणजे आमच्या मिस्टरांसाठी, केलेल्या अर्जाला इतकी वर्षं लागली की नंबर येईपर्यंत आमची अश्विनी एकवीस पार झाली आणि तिचं नाव कागदांतून गळलं. मी जाणारच नाही म्हणत होते. तीच म्हणाली, "आई, तू गेलीस तरच मला कधीतरी येता येईल." ती साताऱ्याला मामाकडे राहिली आणि आम्ही दोघं इकडे आलो. त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलत नसे. कुणी इंग्रजीत काही विचारलं की नुसती मान हलवायची, आणि नंतर रात्रभर विचार करायचा की आपण कशाला हो म्हणून बसलो.

तर मागचं दार उघडून एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा सदरा, त्यावर साधं जॅकेट. प्रत्येकीला नाव विचारलं, गाव विचारलं. मी म्हटलं, "सावरवाडी, मांडवगिरीजवळ." ते थांबले. "सावरवाडीत कुणाच्या?" मी आजोबांचं नाव सांगितलं, आबाजी. आबाजी दसऱ्याच्या मिरवणुकीत राजांवर अब्दागीर धरायचे, म्हणजे उन्हाला आडोसा म्हणून लांब काठीवर धरतात ते पानाच्या आकाराचं कापड. ते म्हणाले, "आबाजींची अब्दागीर कायम थोडी तिरकी असायची. वडिलांच्या डाव्या कानावर ऊन यायचं. आईसाहेब म्हणायच्या, आज कान भाजून आला वाटतं." तेव्हा माझ्या लक्षात आलं समोर कोण आहे. लहानपणी आजीनं शिकवला होता तसा मी वाकून मुजरा केला आणि हाताचं पीठ कपाळाला लागलं. बाकीच्या तिघी हसायला लागल्या. राजेसाहेब हसले नाहीत. त्यांनीही तसाच वाकून मला मुजरा केला आणि म्हणाले, "आपण भेटलात, बरं झालं. इथे ऊन कमी आहे, कान शाबूत राहील." इकडे आल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन.

ही त्यांची कायमची रीत होती. कुठेही गेले तरी आधी मागच्या दारानं स्वयंपाकघरात. स्टेजवर हार घेऊन लोक ताटकळत असायचे आणि हे आत कुणाच्या तरी मुलीच्या ॲडमिशनचं ऐकत असायचे. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले की वडील दौऱ्यावर गेले की आधी पाणी भरणाऱ्याला भेटायचे. गावाची खरी हालत त्याला माहीत असते, पाटील सजवून सांगतो.

आणि दुसरी रीत, ती खुर्ची. इथल्या लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीसाठी सोनेरी, लाल मखमलीच्या, हातांवर सिंह असलेल्या खुर्च्या असतात. एका गणपतीला उत्साही मंडळींनी तसली एक भाड्यानं आणून राजेसाहेबांना तिच्यावर बसवलं. ती इतकी उंच की त्यांच्यासारख्या उंच माणसाचेही पाय लोंबत होते. तेव्हा राणीसाहेब होत्या. घरी आल्यावर फोटो बघून त्या म्हणाल्या, "मला वाटलं दुसरं लग्न लागतंय." दुसऱ्याच दिवशी राजेसाहेबांनी शेजारच्यांच्या गॅरेज सेलमधून एक हिरवी घडीची खुर्ची आणली. मुलांच्या सॉकरला आईबाप घेऊन बसतात ना, तसली. हाताला कप ठेवायची जाळी, आणि त्या जाळीवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्या घरच्या मुलाचं नाव, टायलर. तेव्हापासून मांडवगिरीच्या राजांचं आसन म्हणजे टायलरची खुर्ची. कुठेही गेले तरी ती बरोबर. सिंहासन तयार असलं तरी हे म्हणायचे, "माझी आणली आहे," आणि शेवटच्या रांगेच्या बाजूला ती उघडून बसायचे. मराठी शाळेतली पोरं त्यांना 'टायलर आजोबा' म्हणत.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं. माधवीताई रोज प्रिन्स्टन जंक्शनवरून ट्रेननं न्यूयॉर्कला जायच्या, शनिवार-रविवारी घरचं असायचं. त्यांनी मला विचारलं, बाबांना कार्यक्रमांना न्याल का? माझं लायसन्स नवंकोरं होतं. टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेवर, गाडी घालायची म्हटलं की मी आधी आतला रस्ता शोधायची. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं, तर ते पुढे येऊन बसले. "मागे बसलो तर आपण ड्रायव्हर व्हाल," म्हणाले. मोठ्या रस्त्यात शिरायची वेळ आली की ते खिडकीतून मागे बघायचे आणि हलकेच म्हणायचे, "आता." चार वर्षं मी त्या 'आता'वर गाडी चालवली. वाटेत पूल लागला की सांगायचे, हा मी तीनदा तपासलाय, निर्धास्त चला. त्यांना फोनचा कंटाळा, म्हणून लोकांना माझाच नंबर दिला. माझ्यासारखी बाई, जिला बँकेत फोन करायची भीती वाटते, ती राजाच्या तारखा द्यायला लागली.

एक दिवस मात्र लिहिलाच पाहिजे. जर्सी सिटीच्या एका उंच बिल्डिंगमध्ये निखिल म्हणून नागपूरचा एक मुलगा राहायचा, नुकताच नोकरीवर आलेला. त्याचे वडील तिकडे अचानक गेले. व्हिसाच्या कागदांचं काहीतरी अडलेलं होतं, गेला तर परत येता येईल की नाही याची खात्री नाही, आईनंच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. आम्ही त्याला ओळखतही नव्हतो, त्याच्या मित्रानं फोन केला होता. राजेसाहेब म्हणाले, खुर्ची घ्या. वर गेलो तर घर रिकामं. जमिनीवर एक गादी, खिडकीत लॅपटॉप, बाकी काही नाही. मुलगा आम्हाला बघून गडबडला, "काका, सॉरी यार... म्हणजे सॉरी, बसायलाच काही नाही." राजेसाहेबांनी खुर्ची उघडली, त्याचा दंड धरून त्याला तिच्यावर बसवलं आणि स्वतः खाली मांडी घातली. त्या वयात त्यांना मांडी घालताना काय त्रास व्हायचा ते मला माहीत होतं. म्हणाले, "आज ही तुमची. ज्याचं माणूस गेलं त्यानं वर बसायचं. आता सांगा, वडील कसे होते." तो दोन तास बोलला. मी त्याच्या किचनमध्ये काय मिळतं ते बघून खिचडी टाकली. उठताना राजेसाहेबांना आम्ही दोघांनी धरून उभं केलं.

अशी पाच वर्षं झाली आणि मला सिटिझनशिपचा अर्ज करता येईल असं सगळे सांगायला लागले. माझ्यासाठी तो अर्ज म्हणजे अश्विनी. तिकडे तिचं एका मुलाशी जमलं होतं, चांगला मुलगा, पण लग्न करता येत नव्हतं. ग्रीन कार्डवरच्या आईनं लेकीसाठी केलेला अर्ज लेकीचं लग्न झालं की रद्द होतो, सिटिझन आईचा होत नाही. म्हणजे मी शपथ घेईपर्यंत पोरीनं अक्षतांसाठी थांबायचं. तिच्या सासरची मंडळी भली, पण तीही किती थांबणार? अश्विनी फोनवर कधी घाई करत नसे. फक्त दर वेळी शेवटी विचारायची, "आई, अभ्यास कुठवर आला?"

अभ्यास गाडीत चालायचा. इंटरव्ह्यूला विचारतात ते प्रश्न राजेसाहेब मला विचारायचे, मी स्टिअरिंग धरून इंग्रजीत उत्तर द्यायची. अमेरिकेनं राजाविरुद्ध लढाई का केली, हे मला एका राजानं शिकवलं. टॅक्स, मॅडम, टॅक्स, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघून हसायचे.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. पोळ्यांच्या कामावर रजनीकाकू म्हणून एक आहेत, त्यांना सगळ्यातलं सगळं माहीत असतं. त्या म्हणाल्या, हल्ली इंटरव्ह्यूच्या आधी तुमचे सगळे फोटो तपासतात. दसऱ्याला मी राजेसाहेबांना मुजरा करते त्याचे फोटो तर ग्रुपवर, फेसबुकवर, सगळीकडे. घरी येऊन मी भाचीला, रियाला, शपथेत काय आहे ते वाचून दाखव म्हटलं. तिनं वाचलं आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करत सांगितलं की परक्या देशाच्या राजाशी, राजपुत्राशी जी निष्ठा असेल ती पूर्ण सोडते, असं बोलावं लागतं. वर हसत म्हणाली, "मामी, डू यू हॅव अ किंग?" तिला गंमत वाटली. मला वाटली नाही. मला खरंच एक राजा होता. मी दर शनिवारी त्याला गाडीतून नेत होते.

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी तीन आठवडे नीट जेवले नाही. देवाला हात जोडून खोटं बोलायचं कसं, आणि खरं बोलायचं तर ज्या माणसानं मला या देशात उभं केलं त्याला सोडते म्हणायचं कसं? आणि फोटो इंटरव्ह्यूवाल्यांच्या हातात असले तर? अश्विनीचं काय? मी माधवीताईंना सांगितलं की गुडघा दुखतोय, गाडी चालवता येत नाही. तीन शनिवार मी गेले नाही. फोटोतूनही स्वतःला काढून टाकायला रियाला सांगितलं. राजेसाहेब टॅक्सीनं जात होते हे मला कळत होतं, आणि दर शनिवारी अकरा वाजता मी घड्याळाकडे बघत बसायची.

चौथ्या आठवड्यात दाराची बेल वाजली. राजेसाहेब उभे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात खुर्ची. वेस्ट विंडसरहून एडिसनला टॅक्सी करून आले होते. आत आले, माझ्या गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "आपल्या गुडघ्यापायी गेल्या शनिवारी टायलर टॅक्सीतच राहिला. मला परत त्या सिंहासनावर बसावं लागलं, दोन तास. त्या ड्रायव्हरनं सोमवारी आणून दिला, भला माणूस." मी चहा टाकायला वळले, ते म्हणाले, "चहा नंतर. गुडघ्याला काय झालंय ते सांगा." मी ओट्याला धरून सगळं सांगितलं. शपथ, फोटो, अश्विनी, सगळं. मला वाटलं हसतील, नाहीतर दुखावतील.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग स्वतःचं सांगितलं. त्यांच्या वेळी अर्जावर प्रश्न होता, तुम्हाला घराण्याची काही पदवी आहे का. वकील मित्र म्हणाला, नाही लिही, तुमच्या सरकारनंच ती कधीच काढून घेतली आहे. यांनी हो लिहिलं. "नाही लिहिलं असतं तर वडील खोटे ठरले असते. म्हणून हो लिहिलं आणि मग रीतसर सोडलं." नेवार्कच्या ऑफिसात एका वयस्कर बाईंसमोर ते तोंडानं बोलावं लागलं. बाईंनी कुतूहलानं विचारलं, राज्य केवढं होतं? हे म्हणाले, तुमच्या या काउंटीपेक्षा लहान. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, ओह, आय ॲम सॉरी. "त्याच संध्याकाळी फोन आला. आपल्याकडचा एक माणूस, पॅसेइकच्या कारखान्यात होता. बायको हॉस्पिटलात, इथे कुणी नाही. म्हणाला, राजेसाहेब, याल का? मी सकाळीच सगळं सोडून आलोय हे त्याला सांगणार होतो... पण त्यानं तेवढंच विचारलं होतं, याल का. गेलो. अजून जातोय."

मी म्हटलं, तुमचं ठीक आहे, तुम्ही शिकलेले. माझ्या मनाला ते कसं समजायचं. आजोबांनी ज्यांच्यावर अब्दागीर धरली त्यांना मी अशी कुणाच्या तरी हॉलमध्ये उभी राहून सोडून देऊ? त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "संस्थानातून कुणी कुटुंब दुसऱ्या मुलखात राहायला निघालं की वडिलांकडे निरोपाचा विडा घ्यायला यायचं. विडा खाल्ला की मोकळं. चला, रीतसर करू."

मी त्यांना घेऊन ओक ट्री रोडवरच्या पानवाल्याकडे गेले. पानवाला विचारत होता, मीठा की सादा, गुलकंद? राजेसाहेबांनी त्याच्याकडून नुसती पानं, चुना, कात, सुपारी मागून घेतली. बाहेर पार्किंगमध्ये आमच्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून त्यांनी स्वतः विडा केला. सुपारी दोनदा खाली पडली. मग म्हणाले, खुर्ची. निरोप देताना बसलेलं असावं लागतं. मी टायलरची खुर्ची दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे उघडली. ते बसले, पाठ सरळ केली. पाच वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ती जागा हवी असलेली एक बाई गाडी थांबवून हॉर्न देत होती. राजेसाहेबांनी तिला हात दाखवला, ती थांबली. मी पदर सारखा करून समोर उभी राहिले.

"आपल्या आजोबांनी आमच्या घराण्याची चाकरी केली," ते म्हणाले. "ती पुरी झाली. आता जिथे राहाल तिथल्या व्हा. लेकीला आणा, सुखी राहा."

मी ओंजळीत विडा घेतला आणि तिथेच खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं.

"चुना जास्त झाला का?"

"झाला."

"हात राहत नाही हल्ली." ते काठीवर जोर देऊन उठले, मी खुर्ची मिटली. मग म्हणाले, "आता आपण माझ्या कुणी लागत नाही. उद्या मराठी शाळेत पोरांचं नाटक आहे. मला नेणारं कुणीतरी हवंय. बघा, सवड असेल तर."

"अकराला येते."

"गुडघा?"

"बरा आहे," मी म्हटलं.

इंटरव्ह्यूला मला राजाबद्दल कुणी काही विचारलं नाही. फोटोंचंही नाही. तिथल्या साहेबांनी एक वाक्य वाचायला दिलं, एक लिहायला दिलं, मी लिहिलं, दोनदा तपासलं. शपथेच्या समारंभाचं पत्र आलं तेव्हा राजेसाहेब म्हणाले, मी मागे माझी खुर्ची घेऊन बसेन. मी म्हटलं, तिथे खुर्च्या असतात. "असू देत," म्हणाले. शपथेला अकरा दिवस उरले होते, तेव्हा तो पिठातल्या हातांवरचा फोन आला. त्यांना निरोप द्यायला हॉल भरून माणसं आली होती. टाउनशिपची माणसं होती, शाळेतली पोरं होती, पॅसेइकच्या त्या माणसाची नातवंडंही होती. मी मागच्या बाजूला उभी होते. खुर्ची माझ्या डिकीत होती आणि ती आत न्यावी असं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

शपथेच्या दिवशी मिस्टरांना गोदामातून सुट्टी मिळेना, म्हणून निखिल आला. तोच, नागपूरचा. आता त्याच्या घरात सोफा आहे, लग्न ठरलंय. नेवार्कच्या त्या हॉलमध्ये शंभर देशांची माणसं असतील असं वाटत होतं. सगळ्यांनी उजवा हात वर केला आणि शपथ सुरू झाली. ते वाक्य आलं, राजाचं. मी मोठ्यानं म्हटलं, एक शब्द गाळला नाही. जिभेवर तो चुना परत चुरचुरला. माझ्याकडे सोडायला काही उरलंच नव्हतं, ती निष्ठा त्यांनी विड्याबरोबर आधीच माझ्या हातात परत दिली होती.

बाहेर आल्यावर कागदांचं पाकीट ठेवायला मी डिकी उघडली आणि तिथे ती होती. पाकीट हातातच राहिलं. निखिलनं माझ्या हातातलं पाकीट घेतलं, खुर्ची बाहेर काढली, फूटपाथवर उघडली. म्हणाला, "मावशी, बसा. आज ही तुमची."

चार वर्षं ती खुर्ची मी उघडली, मिटली, पुसली, धुतली. तिच्यावर कधी बसले नव्हते. बसले तेव्हा कापड मधे खोल गेलेलं होतं, त्यांच्या बसण्यानं. निखिल समोर फूटपाथच्या कडेवर टेकला आणि काही विचारलं नाही, कारण राजेसाहेब कसे होते ते त्याला माहीत होतं. मी अश्विनीला फोन लावला. साताऱ्यात संध्याकाळ होती. तिनं उचलल्यावर नेहमीसारखं विचारलं, "आई, कुठवर आलं?" मी म्हटलं, "झालं. गुरुजींना तारीख विचार." 

त्यांच्या नावानं अजून मला फोन येतात. बातमी न कळलेले असतात, राजेसाहेबांची तारीख मिळेल का विचारतात. सुरुवातीला मी, बघून सांगते, म्हणून फोन ठेवायची. ते गेले, हे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. परवा एका तरुण माणसाचा फोन आला. एडिसनमध्येच, सगळी पुंजी घालून नवराबायकोनं खानावळ काढली आहे, शनिवारी उद्घाटन. मी सांगितलं. तो सॉरी म्हणाला, मग म्हणाला की आमचं इथे ओळखीचं कुणीच नाही, म्हणून राजेसाहेब येतील का असं वाटलं होतं.

खुर्ची डिकीतच आहे. टायलरच्या नावातली एक उभी रेघ जरा पुसट झालीय.

मी त्याला म्हटलं, "अकरा वाजता येते. मला फक्त एक सांगा, तुमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार कुठल्या बाजूला आहे?"